वकील बाबासाहेब : चौदा एप्रिलच्या भाषणात राहून जाणारा भाग



चौदा एप्रिलला मुलं बाबासाहेबांच्या पदव्या एका दमात म्हणून दाखवतात. त्यात 'बॅरिस्टर' हा शब्दही असतो. पण बॅरिस्टर म्हणजे काय, आणि होऊन त्यांनी कोर्टात नेमकं काय केलं, असं विचारलं की वर्ग गप्प. म्हणून हा पाठ फक्त वकील बाबासाहेबांवर.

लंडनमध्ये वकिलांच्या चार जुन्या संस्था आहेत. त्यांना 'इन' म्हणतात. १९१६ साली बाबासाहेबांनी त्यातल्या ग्रेज इनमध्ये नाव घातलं. ट्यूडर राजांच्या काळात, म्हणजे आपल्या भागात निजामशाही होती साधारण तेव्हा, खानदानी घरातली मुलं इथे कायदा शिकून दरबारात आणि पार्लमेंटात जात. फ्रान्सिस बेकन इथलाच. तिथे नुसती परीक्षा पुरायची नाही, ठरावीक वेळा संस्थेच्या भोजनगृहात सगळ्यांसोबत जेवावंही लागायचं. (हे मुलांना जरूर सांगा. शाळेत ज्याला वेगळं बसवलं, त्याच्यासाठी ही पंगत काय असेल?)

१९२३ मध्ये ते मुंबईत परतले. सनद घ्यायलाही पैसे नव्हते; नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली. मोठी कामं सॉलिसिटरमार्फत यायची, आणि अस्पृश्य वकिलाकडे सॉलिसिटर फिरकत नसत. मग जिल्हा कोर्टातली कामं, जोडीला कायद्याचे वर्ग, आणि परळच्या दामोदर हॉलमधल्या कचेरीत गोरगरिबांचे दावे.

१९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे वगैरे ब्राह्मणेतर पुढाऱ्यांवर पुण्यात बदनामीचा खटला चालला. बाबासाहेबांनी तो अपिलात जिंकून दिला. १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे र. धों. कर्वे यांच्यासाठीही ते उभे राहिले. आरोप अश्लीलतेचा. हा खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. हरलेला खटला मुलांना सांगू नये असं काहींना वाटतं, मला मात्र तोच जास्त आवडतो. कारण असा अशील घ्यायला धाडस लागतं.

आता महाड. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यालं, इथे आपलं पुस्तक थांबतं. खरी गंमत पुढे आहे. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा महाडच्या काही सवर्णांनी कोर्टात दावा लावला, की तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची वहिवाट पुरातन आहे. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. हजारो माणसं जमली होती, डोकी तापलेली होती. बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं थांबवलं. हुकूम सरकारी कोर्टाचा होता, आणि लढाई आता तिथेच लढायची होती. पण त्याच परिषदेत, २५ डिसेंबरला, मनुस्मृती जाळली गेली.

दावा महाडला सुरू झाला. १९३१ मध्ये निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. समोरचे ठाण्याला अपिलात गेले, १९३३ मध्ये तिथे हरले, मग हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी अंतिम निकाल दिला. (१९२२ मध्ये गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश हेच ब्रूमफील्ड.) मुद्दा साधा होता. वहिवाटीला कायद्याचं बळ हवं असेल तर ती अनादी काळापासून चालत आली, हे सिद्ध करावं लागतं. 'पूर्वीपासून असंच आहे' एवढं म्हणून भागत नाही, पुरावा द्या. तो त्यांना देता आला नाही.

राजकारणही याच काळात चालू होतं. १९२७ पासून ते मुंबई विधिमंडळात होते. १९३७ मध्ये त्यांनी कोकणातली खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. शिवाय १९३५ पासून काही वर्षं ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यही होते. आपल्या शहरात त्यांनी १९५० मध्ये कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद. नागसेनवनात सहल नेणार असाल तर तिथेच झाडाखाली चवदार तळ्याचा दावा मुलांकडून करून घ्या. एक गट 'वहिवाट' म्हणेल, दुसरा 'पुरावा' मागेल, दोन मुलं न्यायाधीश होतील. पाचवीपासून पुढच्या मुलांना हे नीट जमतं. आणि पाणी पिण्यापासून निकालापर्यंत किती वर्षं लागली, ही वजाबाकी फळ्यावर त्यांनाच करू द्या.