जुन्या घराचा दरवाजा विकण्याआधी

अम्मीच्या इंतेकालनंतर जुन्या धुळ्यातले आमचे घर बंदच होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडे तिथे जमलो, तेव्हा जुन्या लाकडाचा एक व्यापारी येऊन गेला. सागवानी दरवाजा, ओसरीचे दोन खांब आणि भिंतीतल्या फडताळाची दारे यांची त्याने एकरकमी किंमत सांगितली. भाईजान जवळजवळ हो म्हणाले. त्या पैशांत स्लॅबचे काम सुरू झाले असते. आपा मात्र म्हणाल्या, "दरवाजा विकताय, पण मला विचारलंत का? माझाही हिस्सा आहे त्यात."

आम्ही गप्प झालो. आपांचे म्हणणे खरे होते. तरका म्हणजे केवळ जमीन नव्हे. चौखट, कडी-कोयंडा, खुंटीसुद्धा त्यात येते आणि त्यात बहिणीचाही हक्क असतो. सगळ्यांच्या संमतीने ठरले की आधी घर नीट पाहायचे, मग निर्णय घ्यायचा.

खानदेशातली अशी धाब्याची घरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी त्यावर खारी माती टाकायची. भिंती रुंद, म्हणून त्यात ताक आणि फडताळे सहज बसत. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा याच जाड भिंती आणि धाबे घर थंड ठेवतात. आमच्या मधल्या खणातल्या ताकात अम्मी जुजदानात गुंडाळलेले कुरआन शरीफ ठेवत असत.

कामाला लागल्यावर आम्ही काही गोष्टी शिकलो, काही चुकून शिकलो.

पहिले काम पाण्याचे. छत गळत असताना दरवाजाला पॉलिश करणे व्यर्थ. दरवर्षी खारी टाकत गेल्याने धाब्याचे वजन वाढलेले असते. म्हणून जुना थर उतरवून मगच नवा टाकावा आणि पन्हाळी मोकळ्या कराव्यात. तुळईचे भिंतीत गेलेले टोक आधी कुजते. तिथे टोच्या खुपसून पाहावा. तो सहज आत गेला, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय त्या खणात झोपू नये.

दुसरे, भिंतीचे. आमच्या पहिल्या मिस्त्रीने ताकाला सिमेंटचे प्लास्टर केले. पुढच्या पावसाळ्यात ते फुगून पडले. माती आणि चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. सिमेंट ती ओल आत कोंडते आणि शेजारचे लाकूडही कुजवते. जुन्या भिंतीला चुनाच लावावा.

तिसरे, लाकडाचे. दरवाजावर ऑइलपेंटचे कितीतरी थर होते. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून तो ओला करून, तोंडाला मास्क बांधून खरवडावा आणि मुलांना दूर ठेवावे. खालून सागवानाच्या रेषा निघाल्या. त्यावर जवसाचे तेल पातळ चोळले. तेलाची फडकी मात्र गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून टाकावीत.

सगळेच वाचले नाही. मागचे दोन खण वाळवीने पोखरले होते, ते उतरवावे लागले. त्यातल्या धडक्या कड्या पुढच्या खणात वापरल्या. खर्चही झाला, पण नव्या बांधकामाइतका नाही.

जुन्या जळगावात चौधरी वाडा आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) तिथे राहत. आज तिथे त्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. आपले घर काही संग्रहालय होणार नाही, व्हायलाही नको. त्यात माणसे राहिली पाहिजेत. पण जे धड आहे ते मोडून नवे आणणे हा इस्राफच आहे.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. व्यापाऱ्याला हो म्हणण्याआधी सगळ्या वारसांना, बहिणींनाही, विचारा. एखाद्या जुन्या सुताराला घर दाखवा. आणि एक पावसाळा थांबा. गेलेला दरवाजा परत येत नाही.

या ईदला आपा मुलांसह त्याच घरात उतरल्या होत्या. मधल्या खणातल्या ताकात कुरआन शरीफ पुन्हा त्यांनीच ठेवले.