पावसात चित्र का जाते?

जव्हार किंवा मोखाडा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर आपण भर आषाढात दूरदर्शन संचापुढे बसलो आहोत, अशी कल्पना करू. छपरावर तबकडी आहे. जोराची सर येते, चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, ते गोठते आणि नाहीसे होते. जुन्या अँटेनाच्या काळात चित्रावर मुंग्या येत, पण पावसामुळे ते असे जात नसे. मग नवे तंत्र जुन्यापेक्षा वाईट म्हणायचे का?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच. त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीच्या गोलाईआड त्या पोचत नाहीत. उंचीच्या (मीटरमधील) वर्गमुळाला ४.१ ने गुणले की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. मनोऱ्यासाठी ते ७१ येते. जव्हार सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर दूर आहे, पण ते स्वतः सुमारे ४५० मीटर उंचीवर असल्याने त्याचे क्षितिज ८७ किलोमीटरवर. दोहोंची बेरीज १५८! म्हणजे वाटेत डोंगर आडवा नसेल तर पठारावर मुंबई ‘दिसायला’ हवी. दरीतल्या पाड्याला मात्र हे गणित लागू नाही. तो डोंगराच्या सावलीत असतो.

अशा भागांसाठी दूरदर्शनने १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभारले. उपग्रहाकडून आलेला कार्यक्रम ते आसपासच्या काही किलोमीटरांत पुन्हा प्रक्षेपित करीत. अमेरिकेतले स्थानिक केंद्र मोठ्या जाळ्याचे कार्यक्रम घेते आणि गावच्या बातम्या स्वतः देते. आपल्या या प्रक्षेपकांना ना कॅमेरा होता, ना वार्ताहर. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हा वारली किंवा कोकणा बोलीत आईशी बोलणारे दूरदर्शन केंद्र जव्हारला नव्हते. ही उणीव तंत्राची नव्हती, असे आम्हाला वाटते.

२०१६ मध्ये मुंबईसह काही शहरांत मनोऱ्यावरून अंकीय प्रक्षेपण सुरू झाले. जुने प्रक्षेपक २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाले. खेड्यांसाठी उरली ती तबकडी. दूरदर्शनची ‘फ्री डिश’ सेवा २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. तिला मासिक शुल्क नाही. तिचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. जव्हारहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर येतो. इतका उंच डोंगर कोणत्या पाड्यापुढे असणार? दरीची अडचण इथे संपली.

पण या लहरींची लांबी सुमारे पावणेतीन सेंटिमीटर. मनोऱ्याच्या जुन्या लहरी याहून कितीतरी लांब, त्यांना काही मिलिमीटरचा थेंब जाणवतच नसे. आखूड लहरींना मात्र तो जाणवतो: थेंब त्यांची ऊर्जा शोषतात आणि विखुरतात. शिवाय अंकीय संदेशातल्या थोड्या चुका संच स्वतः दुरुस्त करतो, त्यामुळे बराच वेळ चित्र निर्दोष दिसते. चुका मर्यादेपलीकडे गेल्या की दुरुस्ती अशक्य होते आणि चित्र एकदम जाते.

कोरड्या दिवशी मुलांकडून तबकडीवर आधी कोरडे, मग भिजवलेले गोणपाट टाकवून पाहा. पावसाळ्यात शाळेच्या पर्जन्यमापकाशेजारी वही ठेवा आणि चित्र कधी गेले, किती मिनिटांनी परतले, ते लिहून घ्या. नेमक्या अशा वेळी अतिवृष्टीचा इशारा ऐकायचा तर रेडिओ हाताशी हवा. मध्यम लहरी शेकडो मीटर लांब असतात, त्यांना पाऊस अडवत नाही.