वायरलेस ते ११२, आणि पुन्हा वायरलेस

३० जुलै १९९१ ला वर्धा नदी नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये शिरली आणि २०४ माणसे गेली. तेव्हा मदत मागायची ती टेलिफोनच्या तारेवरून, नाहीतर पोलिसांच्या वायरलेसवरून. देशातला पहिला मोबाईल कॉल लागायला अजून चार वर्षे होती. तो लागला तरी पुढे बराच काळ आलेल्या कॉलचेही पैसे मोजावे लागत. अग्निशमनच्या बंबावरच्या जवानाकडे मोबाईल असेल, असे कोणाच्या मनातही येत नव्हते.

पुढे मोबाईल खिशाखिशांत गेला आणि आणीबाणीची यंत्रणाही त्याच्याच भरवशावर उभी राहिली. २०१४ मध्ये १०८ ची रुग्णवाहिका आली. अपघात नागपूरच्या वर्धा रोडवर झाला तरी फोन उचलला जातो पुण्यात. २०२१ मध्ये ११२ हा आणीबाणीचा क्रमांक आला. त्याचे मुख्य केंद्र नवी मुंबईत, दुसरे नागपुरात. नागपूरला केंद्र मिळाले याचे कौतुक झाले, आणि ते रास्तच. पण खरी गोम आहे पोलिसांच्या गाडीतल्या छोट्या स्क्रीनमध्ये. आपला कॉल केंद्रात नोंदवला जातो, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जातो आणि जवळच्या गाडीच्या स्क्रीनवर ठिकाणासह उमटतो. हा शेवटचा टप्पा चालतो मोबाईल डेटावर. गाडी रेंजबाहेर असली की पुन्हा वायरलेसच.

२३ सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली, अंबाझरी लेआउट आणि कॉर्पोरेशन कॉलनीतली माणसे झोपेतून उठली ती पाण्यातच. एनडीआरएफ, एसडीआरएफ आणि लष्कराला उतरावे लागले. मूकबधिर विद्यालयातल्या सुमारे चाळीस मुलांना बाहेर काढले. त्या मुलांना ११२ फिरवून बोलता आले नसते, हे आपल्या व्यवस्थेने लक्षात घ्यायला हवे.

अशा रात्री वीज जाते, टॉवर बॅटरीवर येतो आणि सगळी वस्ती एकाच वेळी फोन लावू लागते. गच्चीवरून व्हिडिओ पाठवणारा आणि बोटीतला जवान, टॉवरला दोघे सारखेच.

अमेरिकेने ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातून धडा घेतला, तरी बचाव दलांसाठी वेगळ्या नेटवर्कचा, फर्स्टनेटचा, कायदा व्हायला २०१२ उजाडले. ब्रिटनमध्ये पोलिसांचा रेडिओ बंद करून मोबाईल नेटवर्कवर जायची योजना वर्षानुवर्षे रखडली. आपल्याकडे २०२३ च्या दूरसंचार कायद्यात, आणीबाणीत मदतकार्य करणाऱ्यांचे कॉल आधी जोडण्याची तरतूद आली. कलम चांगले आहे. पण ते अंबाझरीच्या काठावर किती चालते, हे पावसाळ्यापूर्वी करून बघायला हवे. मनपा, पोलीस आणि एसडीआरएफ यांनी जूनमध्ये एकदा मोबाईल बंद ठेवून रंगीत तालीम करावी. वायरलेसच्या बॅटऱ्या किती जिवंत आहेत, तेही त्याच दिवशी कळेल.

आपल्या हातात आहे ते आपण करावे. पुरात ११२ लागला की आधी पत्ता आणि जवळची खूण सांगा. नातेवाइकांना कॉल न करता एसएमएस पाठवा. व्हिडिओ पाणी ओसरल्यावर.