सूर्यदेवतेची नवी कथा

जपानच्या प्राचीन शिंतो धर्मात सूर्य ही स्त्रीदेवता मानली आहे. तिचे नाव अमातेरासू. तिचा भाऊ सुसानोओ फार उद्दाम होता. त्याच्या दांडगाईला कंटाळून अमातेरासू एकदा गुहेत जाऊन बसली आणि सारे जग अंधारात बुडाले. तेव्हा देवांनी गुहेबाहेर नृत्य व हास्यविनोद आरंभिला. हा आनंद कशाचा, हे पाहण्यासाठी तिने डोकावताच देवांनी तिला बाहेर ओढून घेतले. जग पुन्हा उजळले! पुढे सुसानोओने आठ डोक्यांच्या ओरोची नामक सर्पाला मद्य पाजून झोपविले व त्याचा वध करून एका कन्येचे प्राण वाचविले.

या कथा आरंभी लोकांच्या मुखीच होत्या. हिएदा नो आरे यांना त्या मुखोद्गत होत्या. त्यांच्याकडून ऐकून ओ नो यासुमारो या विद्वानाने त्या लिहून काढल्या आणि इ. स. ७१२ मध्ये ‘कोजिकी’ हा ग्रंथ सिद्ध झाला.

त्याच कथांचा आधार घेऊन २००६ साली जपानमध्ये ‘ओकामी’ नावाचा व्हिडिओ गेम तयार झाला. ‘ओकामी’ या जपानी उच्चाराचे दोन अर्थ होतात: लांडगा आणि महान देवता. म्हणून या खेळात अमातेरासू शुभ्र लांडग्याच्या रूपाने अवतरते व खेळणारा तिची भूमिका घेतो. तिचे मुख्य साधन म्हणजे दिव्य कुंचला. वाळलेल्या वृक्षाभोवती त्याने वर्तुळ काढले की वृक्ष बहरतो. रात्रीच्या आकाशात काढले की सूर्य उगवतो!

मूळ कथा येथे जशीच्या तशी घेतलेली नाही. खेळातील सुसानो हा देव नव्हे, तर बढाईखोर, पण मनातून भित्रा असा मनुष्य आहे. पूर्वजांची कथा खोटी मानून तो एक प्राचीन तलवार उपसतो आणि बंदिस्त ओरोची मुक्त होतो. पुढे कुशी नावाच्या मुलीचा बळी जाण्याची वेळ येते, तेव्हा मात्र त्याच्या अंगी खरे धैर्य येते.

हा दीर्घ खेळ पुरा करण्यास कित्येक दिवस लागतात. अखेरचा शत्रू यामी. या शब्दाचा अर्थच अंधार. त्याच्यापुढे अमातेरासूची शक्ती नाहीशी होते. तेव्हा तिचा चिमुकला सोबती इस्सुन तिची चित्रे काढून ती लोकांपर्यंत पोहोचवितो. लोकांना तिची ओळख पटते, ते प्रार्थना करतात आणि तिची शक्ती परत येते.

खेळाच्या शेवटी विजय मिळतो, तो केवळ पराक्रमामुळे नव्हे, तर लोकांनी ठेवलेल्या स्मरणामुळे. आरे यांनी वाणीने व यासुमारो यांनी लेखणीने जे केले, तेच इस्सुन कुंचल्याने करतो. जुनी कथा कोणीतरी पुन्हा सांगतो, म्हणूनच ती जिवंत राहते.