ऊस आणि ज्वारी : जनुकांचे नाते

हातकणंगले तालुक्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने ऊस आणि ज्वारी ही दोन निराळी पिके. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती तृणकुळातील निकटची भावंडे होत. ज्वारीत गुणसूत्रे अवघी २०, तर लागवडीखालील उसात शंभराच्या आसपास वा त्याहूनही अधिक. म्हणूनच ज्वारीचा जनुकसंच २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, तरी ‘आर-५७०’ या उसाचा तपशीलवार जनुकसंच हाती येण्यास २०२४ साल उजाडावे लागले.

‘ग्रामीन’सारख्या माहितीपेढीत भात, ज्वारी, मका आदी पिकांतील समान मूळ असलेली जनुके शेजारी शेजारी मांडलेली असतात. एका पिकातील जनुकाचे कार्य उमगले, की दुसऱ्यातील त्याच्या जोडीदाराविषयी अंदाज बांधता येतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, उसाला तपकिरी तांबेऱ्यापासून संरक्षण देणाऱ्या ‘ब्रू-१’ जनुकाचा माग ज्वारी व भात यांच्या आधारेच काढला गेला. त्याची खूण आता रोपावस्थेतच तपासता येते. नवा वाण सिद्ध होण्यास दहा-बारा वर्षे लागतात, हे ध्यानी घेता याचे महत्त्व पटेल.

अर्थात अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. अंतिम कसोटी शेतातच लागते. ही माहितीपेढी सर्वांस विनामूल्य खुली असून, शिक्षकांनी शाळेतील संगणकावर ती विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावी.