पाणी, मीठ, साखर आणि बेचाळीस किलोमीटर

सबमिशन्स संपत आली की आपल्याकडे एक साथ पसरते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची! २००४ साली सुरू झालेल्या या शर्यतीने भल्याभल्या आळशांना शूज घ्यायला लावलेत. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा करत उत्तनकडे रविवारी पहाटे पळणाऱ्यांत मीही असते. ट्रेनिंगबद्दल विचारलं की हमखास सल्ला मिळतो, "भरपूर पाणी पी!" हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. उरलेला अर्धा जिवावरही बेतू शकतो. कसा, ते बघू.

आधी इंधन. पळताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी सुमारे २५००. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर (ग्लायकोजेन) मात्र १६०० ते २००० किलोकॅलरीचीच. चरबी भरपूर असते, पण ती सावकाश जळते. म्हणून तिशी ओलांडली (किलोमीटरची हं!) की पाय शिशाचे होतात. त्यात परतीचा पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात!

उपाय सोपा आहे. तासाभराच्या पळण्याला पाणी पुरतं. दीड-दोन तास पळायचं असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतं. आदल्या रात्री आपला वरणभात उत्तम. आणि जे शर्यतीत खाणार, ते आधी ट्रेनिंगमध्ये खाऊन बघा. पोटालाही प्रॅक्टिस लागते.

आता कूलिंग सिस्टिम. भाईंदरची मिठागरं आठवा. उन्हात खाडीचं पाणी उडतं, मीठ मागे राहतं. आपल्या कातडीवरही तेच होतं. एक लिटर घाम वाफ होऊन उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. थर्मोवाल्यांनी ओळखलंच असेल, लेटंट हीट! पण आपल्याकडची हवा आधीच दमट. घाम उडत नाही, नुसता टपकतो. टपकलेला घाम थंडावा देत नाही, पाणी आणि मीठ मात्र घेऊन जातो. म्हणून ऑक्टोबरमध्ये वेग कमी ठेवण्यात लाज कसली?

मग भरपूर पाणी प्यायलं तर? २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांत सोडियम कमी निघालं. मुख्य कारण होतं पळताना वजन वाढेल इतकं पाणी पिणं! सोडियम फार उतरलं की पाणी पेशींत शिरतं आणि मेंदूला सूज येते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. पाणी कमी पडल्यावरही साधारण असंच होतं, आणि खरा धोका इथेच आहे. आपण प्रेमाने त्याच मित्राला आणखी पाणी पाजतो! असं कोणी बरळताना दिसलं तर थेट डॉक्टरांकडे न्या.

स्वतःचं माप काढायला फक्त वजनकाटा लागतो. पळण्याआधी आणि नंतर (अंग पुसून) वजन करा. किलोभर घटलं तर प्यायलात त्यापेक्षा साधारण लिटरभर जास्त पाणी गेलं. थोडी घट चालते. वजन वाढलं तर समजा जास्त प्यायलात.

लांब पळताना पाण्यात मीठ-साखर हवी, कारण आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्यामागे जातं. ओआरएसचं तत्त्व हेच. घरगुती माप: १ लिटर पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा). यात साखर जेमतेम २५ ग्रॅम, म्हणून केळं सोडू नका. बीपी किंवा डायबेटिस असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तेव्हा पुढच्या रविवारी बाटलीत लिंबू, मीठ, साखर आणि खिशात केळं घेऊन या. उत्तनच्या रस्त्यावर भेटूच!