बाटलीवरचं साल

सेंद्रिय वाइन म्हणजे फवारणीच नाही, हा गोड गैरसमज. बर्गंडीतला छोटा सेंद्रिय उत्पादकही केवडा हा बुरशीजन्य रोग रोखायला तांब्याचं बोर्डो मिश्रण मारतो. युरोपात मर्यादा हेक्टरी ७ वर्षांत २८ किलो तांब्याची. पण तांबं पानावर वरवरच बसतं, जोराच्या पावसात धुऊन जातं. म्हणूनच अशा उत्पादकाकडे सालाचा ठसा ठळक उमटतो: गारठ्याच्या, ओल्या २०२१ची लाल वाइन हलकी, आंबटसर, तापलेल्या २०२२ची गडद, भरदार.

हवामान तर सगळ्यांनाच सारखं, असं कोणी म्हणेल. खरंय, पण सडके घड निभावून न्यायला वाइन टिकवणारं सल्फाइट जास्त लागतं, आणि कोरड्या लाल वाइनमध्ये सेंद्रियवाल्याला लिटरमागे १०० मिलिग्रॅमच चालतं, इतरांना १५०. ‘सल्फाइट शून्य’ हा दावा मात्र बहुधा फसवाच: थोडं यीस्टच तयार करतं.